जगदीशचंद्रांची बिनव्याजी ठेव

बँकेच्या नोकरीने मला एक खोड लावली. थोरामोठ्यांचे चरित्र वाचतानाही मी आधी त्यांचा जमाखर्च शोधतो. जगदीशचंद्र बोस यांच्या चरित्रात मात्र तो शोधावा लागत नाही.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८चा, पूर्व बंगालातला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरीही त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेऐवजी बंगाली शाळेत घातले. तिथे कोळ्याची आणि चपराशाची मुले त्याचे सोबती होती. पुढे वडिलांनी लोकहितासाठी काढलेले उद्योग बुडाले आणि घरावर कर्ज चढले.

केंब्रिजहून परतलेले जगदीशचंद्र १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. गोऱ्या प्राध्यापकाच्या तुलनेत हिंदी माणसाला दोन तृतीयांश पगार मिळे. नेमणूक हंगामी, म्हणून त्याचाही निम्मा. निषेध म्हणून तीन वर्षे त्यांनी शिकवले चोख, पण पगाराला हात लावला नाही. १८८७ साली घरात आलेल्या पत्नी अबला यांनीही ही ओढाताण निभावली. अखेर सरकारने मागची सारी बाकी चुकती केली. तो पैसा वडिलांच्या कर्जफेडीत गेला.

कॉलेजात प्रयोगशाळा म्हणावी अशी नव्हतीच. एक लहानशी खोली आणि मदतीला एक पत्रेकाम करणारा कारागीर. तिथे त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी निर्माण केल्या. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये अशा अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून त्यांनी घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली, तारेवाचून.

लहर पाठवणे हे अर्धे काम; ती आली हे ओळखणारे यंत्र हवे. शिशाच्या खनिजावर धातूचे टोक टेकवून त्यांनी असा ग्राहक तयार केला. आजच्या भाषेत तो सेन्सरच. १९०१ साली एका तारायंत्र कंपनीच्या मालकाने पेटंटचा कागद पुढे केला, तेव्हा त्यांनी नकार दिला. हितचिंतकांच्या आग्रहाने अमेरिकेत अर्ज गेला आणि १९०४ साली पेटंट मिळालेही. पण त्यांनी त्यावर कमाई केली नाही. पुढे १९१७ साली स्वतःची पुंजी घालून उभारलेल्या बोस संस्थेतही पेटंट घ्यायचे नाही, असा त्यांनी दंडक घातला.

दूर पल्ल्याचा बिनतारी संदेश मार्कोनीच्या लांब लहरींनी नेला, हेही खरे. बोस यांच्या आखूड लहरी फार दूर जात नाहीत. व्यवहाराला त्यांची गरज लागायला जवळजवळ शतक जावे लागले. आज पुलाखाली बसवलेली काही रडार उपकरणे जवळपास तेवढ्याच लांबीच्या लहरी नदीवर सोडतात, परतीच्या लहरीवरून पाण्याची पातळी मोजतात आणि तो आकडा बिनतारी संदेशाने नियंत्रण कक्षाला कळवतात. पुराच्या रात्री त्या आकड्यावरून खालच्या गावांना वेळीच हलवता येते.

माझ्यातला बँकवाला अनेक वर्षे म्हणत असे, की या माणसाने हक्काची रक्कम सोडली. तिच्यात गरीब देशाच्या दोन प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असत्या. हा हिशेब अगदीच चुकीचा आहे, असे मी आजही म्हणणार नाही. पण हा माणूस पैशाबाबत बेफिकीर नव्हता. हक्काच्या पगारासाठी तो तीन वर्षे अडून बसला आणि बापाचे कर्ज त्याने स्वतःचे मानले. घामाचा दाम घ्यावा, ज्ञानाचा घेऊ नये, अशी दोन वेगळी खाती त्याने ठेवली होती.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ती दोन्ही बंद झाली. पहिल्यात बाकी काही नव्हती. दुसऱ्यातली ठेव आपण अजून वापरतो आहोत.