वाळूचा किल्ला आणि पंचविशीतला कर्नल

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळ्या दगडाचे बुरूज उभे राहतात. पण अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) एक किल्ला चक्क वाळूचा होता! त्याचं नाव फोर्ट वॅग्नर. त्याच्याशी कायमचं जोडलं गेलेलं नाव म्हणजे कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ. ज्यांनी 'ग्लोरी' (१९८९) हा सिनेमा पाहिलाय, त्यांना तो माहीत असेलच.

शॉचा जन्म १० ऑक्टोबर १८३७ रोजी बॉस्टनच्या एका श्रीमंत घरात झाला. आईवडील गुलामगिरीचे कट्टर विरोधक. स्वारीचं मात्र अभ्यासात फारसं लक्ष नव्हतं. हार्वर्डला तीन वर्षं काढून १८५९ मध्ये तो डिग्री न घेताच बाहेर पडला. नातेवाइकांच्या पेढीवरही मन रमेना. १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली, युद्ध पेटलं आणि शॉ उत्तरेच्या सैन्यात भरती झाला.

१८६३ च्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने कृष्णवर्णीय सैनिकांची ५४ वी रेजिमेंट उभी करायचं ठरवलं. अधिकारी मात्र गोरेच! शॉला कर्नलपद देऊ केलं, तेव्हा त्याने आधी चक्क नकार दिला. थोड्याच दिवसांत त्याने विचार बदलला. काळे लोक लढू शकतील यावर तेव्हा उत्तरेतही कित्येकांचा विश्वास नव्हता. सैनिकांना महिना १३ डॉलर पगार कबूल केला होता. प्रत्यक्षात १० देऊ केले, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून! रेजिमेंटने पगार घ्यायलाच नकार दिला आणि शॉ त्यांच्या बाजूने उभा राहिला.

आता किल्ल्याकडे वळूया. चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी मॉरिस बेटावर फोर्ट वॅग्नर होता. वाळूचे जाडजूड उतार, त्यांना लाकडी ओंडक्यांचा आधार, पुढे खंदक. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल. उत्तरेचा सेनापती गिलमोर हा स्वतः इंजिनिअर. त्याने १८६२ मध्ये फोर्ट पुलास्कीच्या विटांच्या भक्कम भिंती तोफांनी दोन दिवसांत फोडल्या होत्या. इथेही तसंच होईल असं त्याला वाटलं. पण वीट तडकते, वाळू तडकत नाही. गोळा वाळूत रुततो आणि त्याचा जोर तिथेच जिरतो. ढासळलेली वाळू फावड्याने परत लावली की भिंत तयार!

१८ जुलै १८६३ ला दिवसभर किल्ल्यावर हजारो गोळे पडले. आतले सैनिक जमिनीखालच्या आसऱ्यात बसून राहिले. संध्याकाळी ५४ वी रेजिमेंट सर्वांत पुढे ठेवून हल्ला झाला, तेव्हा ते बंदुका घेऊन वर आले. चिंचोळ्या किनाऱ्यावरून धावत शॉ किल्ल्याच्या माथ्यावर पोहोचला आणि तिथेच गोळ्या लागून पडला. वय अवघं २५, लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते. रेजिमेंटच्या सुमारे ६०० जणांपैकी २७२ जण मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. सार्जंट विल्यम कार्नीने जखमी होऊनही झेंडा खाली पडू दिला नाही.

शत्रूने शॉला त्याच्या सैनिकांसोबत एकाच खड्ड्यात पुरलं. त्यांच्या लेखी हा त्याचा अपमान होता. शॉच्या वडिलांनी मात्र मुलाला तिथून हलवू नका असं कळवलं. त्यांच्या लेखी तीच त्याची योग्य जागा होती.

किल्ला शेवटी पडला तो फावड्यानेच. उत्तरेच्या सैनिकांनी वाळूत नागमोडी चर खणत खणत जवळ जायला सुरुवात केली. ५४ वीचे जवानही त्यात राबले. ७ सप्टेंबरला ते आत शिरले, तेव्हा किल्ला रिकामा होता. त्या रात्रीचा हल्ला हरला होता, पण काळे लोक लढतील का हा प्रश्न मागे पडला. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक दाखल झाले. समान पगार १८६४ मध्ये मंजूर झाला. कार्नीला पदक मिळायला मात्र १९०० साल उजाडलं.

फोर्ट वॅग्नर पुढे समुद्राने गिळला. बॉस्टनमध्ये १८९७ पासून शॉचं स्मारक उभं आहे. घोड्यावर शॉ, बरोबर चालणारे त्याचे सैनिक. पण त्यावर तेव्हा फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांचीच नावं कोरली होती. मेलेल्या काळ्या सैनिकांची नावं कोरली गेली १९८२ मध्ये, म्हणजे आणखी ८५ वर्षांनी. ज्यांच्यासोबत शॉ एका खड्ड्यात झोपला, त्यांना त्याच्या शेजारी दगडावर जागा मिळायला एवढा वेळ लागला!