कण्यांचे दान



दानाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. निःस्वार्थ दान खरोखर असते काय? देणाऱ्याला समाधान मिळते, नाव मिळते. मग तोही व्यवहारच नव्हे काय? विहाराला पंखा दिला तर पात्यावर नाव घातले जाते, हे आपण पाहतोच. या प्रश्नाचे उत्तर एका गृहस्थाच्या जीवनात शोधू या.

त्याचे नाव सुदत्त. कोसल देशातील श्रावस्तीचा हा धनाढ्य व्यापारी. निराधारांना अन्न देणारा म्हणून लोक त्याला अनाथपिंडिक म्हणत. एकदा तो राजगृहाला मेहुण्याकडे गेला. घरातील धावपळ पाहून त्याला वाटले, लग्नकार्य असावे किंवा राजा जेवायला यायचा असावा. भगवान बुद्ध भिक्खुसंघासह येणार आहेत, हे कळताच त्याची झोप उडाली. पहाटेच्या अंधारात तो सीतवनात पोचला, धम्म ऐकला आणि उपासक झाला. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्याच्या धम्मदीक्षेची हकीकत दिली आहे.

श्रावस्तीत संघासाठी त्याने राजकुमार जेताची बाग मागितली. जमीन नाण्यांनी झाकली तरी देणार नाही, असे जेत म्हणाला. किंमत उच्चारली म्हणजे सौदा झाला, असा निवाडा न्यायाधिकाऱ्यांनी दिला. सुदत्ताने गाड्या भरभरून सोन्याची नाणी आणली. थोडी जागा उघडी राहिली तेव्हा जेताचेच मन पालटले आणि तेवढी जागा त्याने स्वतः दिली. हा प्रसंग भरहुतच्या स्तूपावर कोरलेला असून ते शिल्प आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे.

हे दान साऱ्या जगाने पाहिले. परंतु त्याच सुदत्ताच्या घरी पुण्णा नावाची दासी होती. ती दासीच्याच पोटी जन्मलेली. ऐन थंडीत ती नदीवर पाणी भरायला जाई. स्नानाने पाप धुतले जाते असे मानणाऱ्या एका ब्राह्मणाला तिने वादात निरुत्तर केले. पुढे सुदत्ताने तिला दास्यातून मुक्त केले व ती संघात गेली, असे अट्ठकथा सांगते. बंधूंनो, भगिनींनो, विचार करा. अनाथांना जेवू घालणाऱ्या घरातही एक माणूस दुसऱ्याच्या मालकीचा होता. धान्य देताना कोठार रिकामे होते. मालकी सोडताना मोठेपणाच सोडावा लागतो.

पुढे सुदत्ताचे दिवस फिरले. उधार दिलेले पैसे परत आले नाहीत, नदीकाठी पुरलेले धन पुरात वाहून गेले. तरी दान चालूच होते, पण आता कण्यांचा भात आणि सोबत आंबील. भगवंतांनी विचारले तेव्हा त्याने हे संकोचाने सांगितले. भगवंतांनी समजावले, की पदार्थ साधा की उंची हे महत्त्वाचे नाही. ते आदराने, आपल्या हाताने दिले की टाकून द्यावे तसे दिले, हे पाहावे. आणि अन्नदानाहूनही शील व मैत्री श्रेष्ठ आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कण्या देताना सुदत्ताला आनंद झाला असेल काय? झाला असेल. त्याने दान खोटे ठरत नाही. घेणाऱ्याकडून उपकाराची, मानाची, पुण्याची वसुली करायची असेल, तरच तो व्यवहार होतो.

सुदत्त मृत्युशय्येवर असताना सारिपुत्त व आनंद आले. कशालाही चिकटून राहू नये, असा सखोल उपदेश सारिपुत्तांनी केला. सुदत्त रडू लागला. आयुष्यभर संघाची सेवा करूनही असे वचन त्याने कधी ऐकले नव्हते. पांढरी वस्त्रे नेसणाऱ्या गृहस्थांना असा उपदेश केला जात नाही, असे त्याला सांगण्यात आले. तेव्हा त्याने विनंती केली, की हे गृहस्थांनाही सांगत जा. समजू शकतील असे लोक आहेत. मरणाच्या दारी त्याने मागितले ते इतरांसाठी, आणि तेही ज्ञान!

आपणही पांढरी वस्त्रे नेसूनच दीक्षा घेतली. ज्ञानाची दारे बंद असणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. तो द्या. तेवढे जमत नसेल तर शेजारच्या मुलाला रोज एक तास अक्षरे शिकवा, आजीला ग्रंथ वाचून दाखवा. आणि पंखा दिलात, तर त्यावर नाव घालू नका.