१७ वर्षांच्या पोराने गॅलिलिओची चूक पकडली, पण लोंबत्या साखळीचं कोडं सुटायला त्याला ४५ वर्षं लागली

कर्जत स्टेशनला लागून असलेल्या भिसेगावात उभं राहून रुळांच्या वर बघितलं तर एकाखाली एक अशा दोन तारा दिसतात. खालची सरळ, तिला इंजिनाचा पेंटोग्राफ घासत जातो. वरची मात्र दोन खांबांमध्ये हलकासा झोल घेऊन लटकलेली. या वरच्या तारेला रेल्वेवाले कॅटेनरी म्हणतात. या शब्दामागे लॅटिनमधला साखळीचा शब्द आहे आणि लोंबत्या साखळीच्या वक्राला तो चिकटवला ख्रिस्तियान हायगेन्स या डच माणसाने.

बारावी सायन्सवाल्यांना हायगेन्स प्रकाशाच्या लहरींमुळे आठवत असेल. पण त्याची सुरुवात साखळीपासून झालेली.

१४ एप्रिल १६२९ ला हेग शहरात त्याचा जन्म झाला. वडील कॉन्स्टँटाइन मोठे कवी आणि राजदरबारी मुत्सद्दी. देकार्तसारखी माणसं घरी यायची, त्यामुळे पोराला शिकवायला घरीच मास्तर ठेवलेले. १६४५ मध्ये तो कायदा आणि गणित शिकायला लायडनला गेला.

त्याच्या सात वर्षं आधी, १६३८ मध्ये, गॅलिलिओचं शेवटचं मोठं पुस्तक आलेलं. दोन खिळ्यांना टांगलेली साखळी पॅराबोलाच्या आकारात लोंबते, असं त्यात सुचवलं होतं. नाव गॅलिलिओचं, त्यामुळे विषय संपल्यातच जमा होता.

१६४६ मध्ये १७ वर्षांच्या हायगेन्सने हे चूक असल्याचं सिद्ध केलं. पॅरिसचे पाद्री मर्सेन युरोपभरच्या गणितज्ञांशी पत्रव्यवहार ठेवून होते, त्यांना त्याने सिद्धता पाठवून दिली.

त्याचा मुद्दा साधा होता. वजन कुठे पसरलंय यावर दोरीचा आकार ठरतो. पॅराबोला यायचा असेल तर आडव्या अंतराच्या प्रत्येक फुटावर सारखंच वजन हवं. साखळीचं वजन मात्र तिच्या लांबीवर सारखं वाटलेलं असतं. खिळ्याजवळ ती उभी चढते, म्हणजे तिथे एका आडव्या फुटात जास्त साखळी मावते आणि वजनही जास्त पडतं. मग पॅराबोला येणार कसा?

वजन एकाच जागी असेल तर गोष्ट आणखी वेगळी. वाळत घालायच्या दोरीच्या मधोमध भरलेली बादली अडकवा, दोन्हीकडची दोरी जवळपास सरळ ताणली जाते आणि इंग्रजी व्ही तयार होतो.

कर्जत तालुक्यात हे प्रकार शेजारी शेजारी बघायला मिळतात. भिवपुरीला टाटांचं वीज केंद्र १९२२ पासून आहे. अशा केंद्रांतून निघणाऱ्या हाय टेन्शन तारा टॉवरच्या मधल्या अंतरात फक्त स्वतःचं वजन पेलतात, म्हणजे तो हायगेन्सचा साखळीवाला वक्र. रेल्वेची वरची तार मात्र छोट्या उभ्या तारांनी खालची तारही उचलून धरते, आणि हे वजन आडव्या अंतरावर वाटलेलं असतं. झुलत्या पुलाच्या केबलचं तेच, कारण तिथे पुलाचं वजन केबलपेक्षा कितीतरी जास्त. गंमत बघा, जिला कॅटेनरी म्हणतात तीच तार पॅराबोलाच्या जवळ जाते!

आणि गॅलिलिओही अगदीच चुकला नव्हता. झोल कमी असेल तर दोन्ही वक्र डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाहीत. झोल खोल गेला की फरक कळतो.

पण साखळीचा आकार पॅराबोला नाही, तर मग आहे कोणता? ते काही १७ व्या वर्षी हायगेन्सला सापडलं नाही. पुढे त्याने शनीचा चंद्र टायटन शोधला (१६५५), लंबकाचं घड्याळ बनवलं (१६५६), शनीभोवतीचं कडं ओळखलं. १६६६ पासून तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीत होता. तिथे १६७२ मध्ये लायब्नित्स नावाचा तरुण जर्मन आला आणि हायगेन्सने त्याला गणिताची वाट दाखवली. तब्येतीने कायम छळलं. १६८१ मध्ये आजारी होऊन हायगेन्स हेगला परतला.

१६९० मध्ये याकोब बर्नूलीने साखळीचं तेच जुनं कोडं जाहीरपणे मांडलं. १६९१ मध्ये तीन उत्तरं छापून आली. एक याकोबचा २३ वर्षांचा भाऊ योहान याचं, दुसरं लायब्नित्सचं. दोघांकडे कॅल्क्युलस हे नवं हत्यार होतं, आणि ते घडवणाऱ्यांपैकी एक खुद्द लायब्नित्सच, म्हणजे हायगेन्सचा शिष्य. तिसरं उत्तर ६२ वर्षांच्या हायगेन्सचं. त्याने ते जुन्या भूमितीनेच काढलं. मार्ग किचकट होता, पण उत्तर बरोबर आलं. लायब्नित्सला लिहिलेल्या पत्रात त्याने या वक्राला नावही देऊन टाकलं होतं.

८ जुलै १६९५ ला हेगमध्येच तो गेला. त्याने लग्न केलं नव्हतं. पोरवयातल्या पत्रव्यवहाराचा पहिला खंड छापून यायला १८८८ साल उजाडलं, आणि त्याच्या नावाचं यान टायटनवर उतरलं १४ जानेवारी २००५ ला.