डोक्याच्या आत पाहणारा शेतकऱ्याचा मुलगा

गाडीवरून पडून कुणाच्या डोक्याला जबर मार लागला, की त्याला धाराशिवला नाहीतर सोलापूरला नेतात. डॉक्टर म्हणतात, आधी सिटी स्कॅन काढा. ही सिटी म्हणजे शहर नव्हे बरं का! सी आणि टी ही दोन इंग्रजी अक्षरे आहेत. हे यंत्र ज्यांनी तयार केले ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड आपल्यासारखेच खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे.

२८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत गॉडफ्रे शेंडेफळ. थोरली भावंडं आपल्या नादात असत, त्यामुळे याच्यामागे कुणाचा लकडा नव्हता. हा आपला मळणी यंत्राभोवती घुटमळायचा. आपल्याकडे कडब्याची बनीम असते ना, तशी तिकडे वाळल्या गवताची गंज असते. घरी केलेले पंखांचे यंत्र घेऊन हा गंजीवरून खाली झेपावला! एकदा पिंपात पाणी भरून गॅसच्या जोरावर ते उडवायला गेला आणि थोडक्यात वाचला. (हे कुणी घरी करू नये.) शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान सोडून इतर विषयांत त्याचे मन रमले नाही.

दुसऱ्या महायुद्धात ते विमानदलात गेले व रडारचे काम शिकले. पुढे विजेच्या इंजिनिअरिंगची पदविका घेतली. विद्यापीठाची पदवी काही त्यांच्याकडे नव्हती. मग ईएमआय कंपनीत नोकरी लागली. कुत्रा आणि कर्ण्याचे चित्र असलेल्या गाण्याच्या तबकड्या काढणारी ती हीच कंपनी.

त्या काळी एक्स-रेमध्ये कवटीचे हाड दिसे, पण आतला मऊ मेंदू दिसत नसे. म्हणून पाठीत सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढत, तिथे हवा भरत आणि मग फोटो घेत. रोग्याचे डोके असे ठणके की विचारू नका. कलिंगड न कापता आतली फोड दिसावी, तसे काही करता येईल का?

१९६७ साली हाउन्सफील्ड यांना युक्ती सुचली. किरणांची बारीक रेघ डोक्यातून सगळ्या बाजूंनी सोडायची. पलीकडे किती किरण पोचले ते दर वेळी मोजायचे. मग त्या हजारो आकड्यांवरून संगणकाने आतल्या एका कापाचे चित्र काढायचे. पहिल्या प्रयोगात नुसती मोजणी ९ दिवस चालली! तपासायला ताजा मेंदू हवा, म्हणून खाटिकखान्यातून बैलाचा मेंदू घेऊन हे गृहस्थ लंडनभर प्रवास करत. शेजारच्या प्रवाशांना कळले असते तर?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका बाईंना या यंत्रात ठेवले. चित्रात मेंदूच्या पुढच्या भागात काळा गोल डाग दिसला. डॉक्टरांनी कवटी उघडली, तर गाठ नेमकी तिथेच! कुठे कापायचे हे डॉक्टरांना आधीच ठाऊक होते.

यामागचे गणित ॲलन कॉर्मॅक यांनी आधीच स्वतंत्रपणे मांडले होते. १९७९ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून दिले गेले. हाउन्सफील्ड यांनी लग्न केले नाही. १२ ऑगस्ट २००४ रोजी ते वारले.

सिटीच्या चित्रातला काळा-पांढरा रंग आजही त्यांच्याच नावाच्या मापाने मोजतात. त्या मापात पाणी म्हणजे शून्य, आणि हवा म्हणजे उणे हजार.