निबंधाची रचना आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर

मराठी निबंधाच्या इतिहासाचे ‘निबंधमाले’पूर्वीचा आणि ‘निबंधमाले’नंतरचा असे दोन कालखंड पाडण्याची प्रथा आहे. या विभागणीत काहीशी अतिशयोक्ती असली, तरी ती निराधार नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून मराठीत वैचारिक गद्य लिहिले जात होते. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’मधून प्रसिद्ध झाली होती. विचारांची वाण या गद्याला नव्हती. उणीव होती ती रचनेची. लोकहितवादींचे पत्र एखादा विचार तळमळीने मांडून थांबे. त्या विचारावर संभवणारे आक्षेप, त्याला लागणारे पुरावे आणि त्यातून निघणारे निष्कर्ष यांचा विस्तार करण्यास पत्राच्या आकारात वाव नव्हता. हा विस्तार पेलणारी रचना मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सिद्ध केली. त्यांच्या चरित्राचा या अंगाने विचार केला असता एक गोष्ट ध्यानात येते. त्यांच्या निबंधाचे सामर्थ्य आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही एकाच ठिकाणी, म्हणजे प्रतिपक्षाच्या मांडणीत, सापडतात.

विष्णुशास्त्रींचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर हे संस्कृत शास्त्रांत निष्णात असूनही इंग्रजी विद्येचा मनःपूर्वक अभ्यास केलेले पंडित होते. १८५२ मध्ये निघालेल्या ‘विचारलहरी’ या पत्रातून त्यांनी मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तरे दिली. अरबी भाषेतील सुरस गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या, सॉक्रेटिसाचे चरित्र लिहिले आणि दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणाची सूक्ष्म चिकित्सा केली. शब्दाचा अर्थ काटेकोरपणे निश्चित करणे आणि दुसऱ्याच्या मताचे शास्त्रीय पद्धतीने खंडन करणे, हे दोन्ही संस्कार विष्णुशास्त्रींना घरातच लाभले. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडिलांनी हाती घेतलेले भाषांतर पुरे करण्याचे कामही त्यांनीच केले. एका इंग्रजी निबंधकाराच्या वाक्यरचनेशी त्यांचा इतका निकटचा परिचय असा भाषांतराच्या श्रमातून झाला.

१८७२ मध्ये ते डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. तत्पूर्वीच, १८६८ पासून, शिक्षणखात्याच्या ‘शालापत्रका’चे संपादन त्यांच्याकडे आले होते. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू व दंडी या पाच संस्कृत ग्रंथकारांवरील त्यांचे लेख याच पत्रात आले आणि पुढे ‘संस्कृत कविपंचक’ या नावाने ग्रंथरूप झाले. या लेखांत त्यांची रचनापद्धती आकार घेताना दिसते. कवीचा काल, त्याची कृती, तिचे गुण व दोष असा क्रम ठेवून प्रत्येक विधानामागे प्रमाण देण्याचा प्रयत्न त्यांत आहे. सरकारी पत्रात मतस्वातंत्र्याला ज्या मर्यादा असतात त्या त्यांना लवकरच जाचू लागल्या. १८७५ मध्ये ‘शालापत्रक’ बंद पडले, परंतु त्याआधीच त्यांनी स्वतःचे साधन निर्माण केले होते.

‘निबंधमाले’चा पहिला अंक २५ जानेवारी १८७४ रोजी निघाला. शिक्षकाची नोकरी सांभाळून, जवळजवळ सर्व मजकूर एकट्याने लिहून त्यांनी हे मासिक सात वर्षे चालविले. त्याचे एकूण ८४ अंक निघाले. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये ॲडिसन व स्टील यांचा ‘स्पेक्टेटर’ आणि जॉन्सनचा ‘रॅम्ब्लर’ यांनी नियतकालिक निबंधाचा जो आदर्श घालून दिला होता, तो त्यांच्यासमोर होता. मात्र त्या पत्रांतील निबंध एका बैठकीत वाचून संपणारा असे. ‘माले’तील निबंध अनेकदा एका अंकात न मावता पुढील अंकांत चालू राही. महिन्याच्या खंडानंतरही वाचकाच्या मनात प्रतिपादनाचा धागा टिकून राहावा, ही या लेखनाची पहिली अट होती. चिपळूणकरी निबंधातील मुद्द्यांची स्पष्ट विभागणी, मागील प्रतिपादनाचे स्मरण देण्याची रीत आणि पुढे काय सांगावयाचे आहे याची सूचना यांचे मूळ बऱ्याच अंशी या प्रकाशनपद्धतीत आहे.

या निबंधाची रचना सामान्यतः पुढीलप्रमाणे असते. आरंभी समाजात रूढ असलेले एखादे मत मांडले जाते. त्यानंतर विषयातील मुख्य शब्दांचा अर्थ निश्चित केला जातो. मग त्या मताच्या बाजूने जे म्हणता येईल ते सांगून एकेक मुद्दा तपासला जातो. संस्कृत काव्य, इंग्रजी इतिहास आणि रोजच्या व्यवहारातील अनुभव या तिन्ही क्षेत्रांतून दृष्टान्त येतात. अखेरीस मूळ विधानाकडे परत येऊन निष्कर्ष काढला जातो. ‘विद्वत्त्व आणि कवित्व’ हा निबंध या रचनेचा चांगला नमुना आहे. विद्वत्तेतून कवित्व निष्पन्न होते, हा समज पंडिती परंपरेत खोलवर रुजला होता. विष्णुशास्त्री त्याचा अव्हेर करण्यापूर्वी विद्वत्ता म्हणजे काय व कवित्व म्हणजे काय हे वेगवेगळे ठरवितात. दोन्ही शक्तींचे व्यापार भिन्न आहेत हे एकदा वाचकाने मान्य केले, की पुढील निष्कर्ष त्याला टाळता येत नाही. निबंधाचे यश येथे अलंकारापेक्षा क्रमावर अवलंबून आहे.

या रचनेत दोन परंपरांचा संगम झाला आहे. पूर्वपक्ष मांडून उत्तरपक्षाने त्याचे निरसन करणे ही भारतीय शास्त्रग्रंथांची जुनी पद्धती होय. परस्परविरोधी उपवाक्यांचा तोल राखणारे दीर्घ वाक्य आणि वाक्यामागून वाक्य चढवीत नेणारा परिच्छेद ही मेकॉलेच्या गद्याची देणगी होय. ज्या मेकॉलेच्या १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणाने देशी विद्यांची उपेक्षा केली, त्याच्याच शैलीचा उपयोग विष्णुशास्त्रींनी देशी भाषेचा अभिमान जागृत करण्यासाठी केला. ‘माले’च्या पहिल्याच निबंधाचा विषय मराठी भाषेची तत्कालीन स्थिती हा होता. इंग्रजी शिकलेल्या वर्गाने मराठीकडे पाठ फिरविली असता, त्या भाषेत गंभीर विवेचन होऊ शकते हे सिद्ध करण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे तसे विवेचन करून दाखविणे. ‘वाचन’, ‘वक्तृत्व’, ‘इतिहास’, ‘भाषादूषण’, ‘लेखनशुद्धि’ या निबंधांचा विषयविस्तार या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

परंतु पूर्वपक्षाची पद्धती लेखकावर एक बंधन घालते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बलवान रूपात मांडले पाहिजे, हे ते बंधन होय. विष्णुशास्त्रींनी ते सर्वत्र पाळले नाही. लोकहितवादींवरील टीकेत त्यांनी प्रतिपक्षाची विधाने घेऊन ती खोडून काढण्याचा प्रयत्न तरी केला. उपहासाचा अतिरेक असूनही तेथे वादाचा सांगाडा टिकून आहे. जोतीराव फुल्यांच्या बाबतीत तोही टिकला नाही. १८७३ मध्ये फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. विद्या आणि धर्माधिकार एका जातीच्या हाती राहिल्याने शूद्रातिशूद्रांची काय अवस्था झाली, हा फुल्यांचा प्रश्न होता. ‘माले’त त्याला उत्तर मिळाले नाही. फुल्यांच्या भाषेतील व्याकरणदोष आणि शब्दयोजना यांची थट्टा करण्यातच लेखणी खर्ची पडली. लेखनशुद्धीचा जो आग्रह इतरत्र भाषेच्या सेवेला लागला होता, तो येथे प्रश्न टाळण्याचे साधन झाला. वर्णाभिमानाने या लेखनाची दृष्टी मर्यादित केली हे तर खरेच. पण रचनेच्या दृष्टीनेही हा निबंध उणा आहे, कारण त्यात पूर्वपक्षच नाही.

‘माला’ चालू असताना विष्णुशास्त्रींच्या आयुष्यात मोठी स्थित्यंतरे झाली. १८७८ मध्ये कृष्णशास्त्री निवर्तले. याच सुमारास विष्णुशास्त्रींनी चित्रशाळेची उभारणी केली आणि ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाच्या कामात का. ना. साने व ज. बा. मोडक यांच्यासह भाग घेतला. सरकारी नोकरीत त्यांची रत्नागिरीस बदली झाली होती. १८७९ मध्ये त्यांनी त्या नोकरीचा त्याग केला. जानेवारी १८८० मध्ये बाळ गंगाधर टिळकांच्या सहकार्याने पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली आणि गोपाळ गणेश आगरकर या मंडळींत सामील झाले. अध्यापन, छापखाना आणि पत्रे यांचा भार वाहत असतानाच ‘माले’चे अखेरचे अंक लिहिले गेले.

या अंकांतून आलेला ‘आमच्या देशाची स्थिती’ हा त्यांचा शेवटचा प्रदीर्घ निबंध होय. देशाची अवनती लोकांच्या अंगभूत दोषांमुळे झाली, या मताचा त्यांनी येथे प्रतिवाद केला आणि पारतंत्र्याकडे बोट दाखविले. राज्यकर्त्यांचे म्हणणे त्यांनी पुरेसे सविस्तर मांडले आहे, म्हणून त्याचे खंडन परिणामकारक झाले. समाजातील अंतर्गत विषमतेविषयी मात्र हा निबंधही समाधानकारक उत्तर देत नाही. १७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, विष्णुशास्त्रींचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९१० मध्ये, ब्रिटिश सरकारने या निबंधावर बंदी घातली. ती १९३७ मध्ये उठली. इतक्या वर्षांनंतरही सरकारला त्याची धास्ती वाटावी, यावरून त्याच्या प्रभावाची कल्पना येते.

विष्णुशास्त्रींनी घडविलेली रचना त्यांच्या मतांच्या पलीकडे टिकली. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केला आणि विष्णुशास्त्रींना अमान्य असलेल्या सामाजिक सुधारणेच्या पुरस्कारासाठी हाच सविस्तर, युक्तिवादप्रधान निबंध वापरला. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ पासून ‘काळ’मधून त्यातील उपरोधाचे अंग विकसित केले. पुढे १९२० नंतरच्या काळात फडके, खांडेकर, काणेकर यांच्या लघुनिबंधाने वादाऐवजी आत्मनिवेदनाची वाट धरली.

शालेय अभ्यासक्रमात निबंधाचे आरंभ, मध्य व शेवट असे तीन भाग शिकविले जातात. ‘निबंधमाले’चा अनुभव असा, की या तीन भागांना जोडणारा दुवा प्रतिपक्षाच्या प्रामाणिक मांडणीत असतो. जेथे विष्णुशास्त्रींनी तो जपला, तेथे त्यांचे निष्कर्ष न पटणाऱ्या वाचकालाही त्यांच्या निबंधाशी वाद घालावा लागतो. जेथे त्यांनी तो तोडला, तेथे निबंध मागे पडला आणि फुल्यांचा प्रश्न पुढे गेला.