जाक-ईव्ह कूस्तो

जाक-ईव्ह कूस्तो (जन्म : ११ जून, १९१०, सें-आंद्रे-द-क्युबझाक, फ्रान्स, मृत्यू : २५ जून, १९९७, पॅरिस) हे फ्रेंच नौदल अधिकारी, समुद्रसंशोधक, चित्रपटकार आणि लेखक होते. एमिल गान्यां या अभियंत्याच्या सहकार्याने त्यांनी १९४३ साली अ‍ॅक्वा-लंग हे श्वसनयंत्र सिद्ध केले. या यंत्रामुळे जहाजाशी जोडलेल्या हवेच्या नळीवाचून समुद्रात संचार करणे शक्य झाले. उष्ण कटिबंधातील बेटांभोवती आज चालणाऱ्या स्कूबा डायव्हिंगचा पाया या यंत्राने घातला आणि त्यांपैकी काही बेटांना कूस्तो यांच्या चित्रपटांमुळे जगभर प्रसिद्धी मिळाली. समुद्राखालील जीवन सर्वांसाठी खुले करणारे कूस्तो पुढे त्याच जीवनाच्या संरक्षणाचे पुरस्कर्ते झाले.

== पूर्वायुष्य ==

कूस्तो यांचे वडील वकील होते आणि धनिक अमेरिकन उद्योगपतींकडे स्वीय सचिव म्हणून काम करीत. त्यामुळे बालपणाचा काही काळ कूस्तो अमेरिकेत राहिले. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. तरी पोहणे आणि चलच्चित्रण यांची आवड त्यांना तेव्हापासूनच लागली. १९३० साली त्यांनी ब्रेस्त येथील नौदल प्रबोधिनीत प्रवेश घेतला. पुढे वैमानिक होण्यासाठी प्रशिक्षण घेत असताना १९३६ साली मोटार अपघातात त्यांच्या दोन्ही हातांना गंभीर दुखापत झाली आणि वैमानिक होण्याची आशा मावळली.

हातांत पुन्हा बळ यावे म्हणून ते तुलाँजवळच्या समुद्रात पोहू लागले. नौदलातील सहकारी फिलिप तायेझ यांनी त्यांना पाण्याखाली पाहण्याचा चष्मा दिला. त्यातून दिसलेल्या दृश्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. तायेझ आणि फ्रेदेरिक द्युमा या दोघांसह त्यांनी पाण्याखालील शिकार, चित्रण आणि श्वसनसाधनांचे प्रयोग सुरू केले. १९३७ साली सिमोन मेलशियोर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

== अ‍ॅक्वा-लंग ==

पाण्यात दर दहा मीटर खोलीला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. त्यामुळे पाणबुड्याला मिळणारी हवाही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच दाबयुक्त असावी लागते. अन्यथा छातीवरील दाबामुळे श्वास घेता येत नाही. कूस्तो यांनी आधी शुद्ध प्राणवायूच्या उपकरणाचा प्रयोग केला होता. परंतु अधिक खोलीवर शुद्ध प्राणवायू विषारी ठरतो आणि त्यामुळे त्यांना पाण्यातच झटके आले. ईव्ह ल प्रियर यांच्या दाबयुक्त हवेच्या उपकरणातून हवा सतत वाहत राही, त्यामुळे साठा लवकर संपे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे फ्रान्समधील मोटारी वायूवर चालवल्या जात. त्यांच्या इंजिनांना वायू पुरवणारी नियामक झडप गान्यां यांनी तयार केली होती. तिच्यात बदल करून दोघांनी पाणबुड्याने श्वास घेतला तरच आणि तेवढीच हवा सोडणारी झडप बनवली. मार्न नदीतील पहिल्या चाचणीत पाणबुड्या आडवा असताना यंत्र नीट चाले. मात्र उभे राहताच हवा वाया जाई आणि डोके खाली करताच हवा मिळणे कठीण होई. उच्छ्वासाची झडप आत येणाऱ्या हवेच्या झडपेच्या पातळीत नसल्याने हा दोष उद्भवला होता. दोन्ही झडपा शेजारी बसवताच तो दूर झाला. १९४३च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात या यंत्राची यशस्वी चाचणी झाली.

या यशाला धोक्याची बाजूही होती. युद्धानंतर नौदलाने तुलाँ येथे स्थापन केलेल्या सागरतळ संशोधन गटातील पाणबुडे मोरिस फार्ग यांचा १९४७ साली खोल पाण्यातील चाचणीत मृत्यू झाला.

== कॅलिप्सो आणि असम्प्शन बेट ==

१९५० साली ब्रिटिश धनिक लोएल गिनेस यांनी सुरुंग काढण्याच्या कामाचे एक जुने जहाज वार्षिक एक फ्रँक भाड्याने कूस्तो यांना दिले. कॅलिप्सो नावाचे हे जहाज त्यांची फिरती प्रयोगशाळा झाले. मोहिमांचा खर्च भागवण्यासाठी १९५४ साली त्यांनी पर्शियन आखातात एका तेल कंपनीसाठी समुद्रतळाची पाहणीही केली.

याच सुमारास कॅलिप्सो हिंदी महासागरातील सेशेल्स द्वीपसमूहाच्या असम्प्शन या लहानशा प्रवाळबेटावर पोहोचले. तेथील नितळ पाणी आणि माणसाला न बुजणारे मासे पाहून पथक तेथे रमले. पाणबुड्यांच्या मागे मागे फिरणारा एक ग्रूपर मासा पुढे चित्रपटातून लोकप्रिय झाला. लुई माल यांच्यासह दिग्दर्शित केलेल्या 'ल मोंद द्यु सिलांस' (मौनाचे जग) या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवात पाम दोर आणि त्यानंतर ऑस्कर पुरस्कार मिळाला.

याच चित्रपटात माशांची गणना करण्यासाठी प्रवाळखडकात सुरुंग लावण्याचे, बेटावरील कासवांच्या पाठीवर बसण्याचे आणि जहाजाच्या पंख्याने जखमी झालेल्या देवमाशाच्या पिल्लाभोवती जमलेल्या शार्कांना मारण्याचे प्रसंग आहेत. त्या काळी हे प्रेक्षकांना फारसे खटकले नाही; पुढील काळात मात्र त्यांवर कठोर टीका झाली.

== संशोधन आणि पर्यावरणकार्य ==

१९५७ साली कूस्तो मोनॅको येथील सागरविज्ञान संग्रहालयाचे संचालक झाले आणि १९८८पर्यंत त्या पदावर राहिले. १९६० साली भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या फ्रेंच योजनेला त्यांनी जाहीर विरोध केला. लोकक्षोभामुळे ती योजना थांबली. १९६३ साली सुदानजवळच्या तांबड्या समुद्रात, शाब रूमी येथे, त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रतळावरील घरात महिनाभर वास्तव्य केले. या प्रयोगावरील चित्रपटालाही ऑस्कर मिळाला. त्या वस्तीचे अवशेष आज पाणबुड्यांचे आकर्षण आहेत.

दूरचित्रवाणी मालिकांमुळे कूस्तो आणि त्यांची लाल टोपी घरोघरी पोहोचली. जुन्या डुबकी-स्थळांना पुन्हा भेट देताना तेथील जीवन विरळ होत चालल्याचे त्यांना दिसे. १९७३ साली त्यांनी सागरसंरक्षणासाठी कूस्तो सोसायटीची स्थापना केली. अंटार्क्टिकातील खाणकामाविरुद्धही त्यांनी मोहीम चालवली. १९९१च्या माद्रिद करारनाम्याने तेथील खाणकामावर बंदी आली.

== बेटे आणि डुबकी-पर्यटन ==

बेलीझच्या किनाऱ्याजवळील लाइटहाउस प्रवाळवलयातील ग्रेट ब्लू होल हे कूस्तो यांच्या १९७०च्या दशकारंभीच्या मोहिमेनंतर जगप्रसिद्ध झाले. मलेशियातील सिपादान बेटाकडे १९८९च्या चित्रपटाने लक्ष वेधले. समुद्रतळापासून सुमारे ६०० मीटर उंच उठलेल्या या बेटाभोवतीचे उभे प्रवाळकडे आणि समुद्री कासवे पाहण्यास पर्यटकांची रीघ लागली. अखेर २००४ साली बेटावरील निवासस्थाने हलवण्यात आली आणि रोजच्या पाणबुड्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूपजवळच्या पिजन बेटांभोवतीचा संरक्षित भाग कूस्तो यांच्या नावाने ओळखला जातो; तेथे पाण्याखाली त्यांचा अर्धपुतळा आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण आणि तारकर्ली येथे समुद्रात उतरणारे पर्यटकही याच तत्त्वावर चालणारी नियामक झडप वापरतात.

== अखेरची वर्षे ==

१९७९ साली धाकटे पुत्र फिलिप यांचा लिस्बनजवळ जलविमानाच्या अपघातात मृत्यू झाला. १९८८ साली कूस्तो यांची फ्रेंच अकादमीवर निवड झाली. १९९० साली सिमोन यांचे निधन झाले. पुढील वर्षी कूस्तो यांनी फ्रान्सीन त्रिपले यांच्याशी विवाह केला. फिजी बेटांवरील एका पर्यटन निवासाला कूस्तो हे नाव देण्यावरून थोरले पुत्र जाँ-मिशेल यांच्याशी त्यांचा न्यायालयीन वाद झाला. पुत्राचे पूर्ण नाव वापरण्याच्या तडजोडीवर तो मिटला. जानेवारी १९९६मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका मालवाहू तराफ्याची धडक बसून कॅलिप्सो बुडाले. पुढे ते वर काढण्यात आले. परंतु त्यावरून पुन्हा सफर करणे कूस्तो यांना लाभले नाही. २५ जून, १९९७ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन सें-आंद्रे-द-क्युबझाक या जन्मगावी करण्यात आले.