मिशीवाली आई : गिजुभाई बधेका

नोकरीधंद्यानिमित्त गुजरातेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींना गिजुभाई बधेका हे नाव अगदीच नवे नसावे. मात्र नावापलीकडे माहिती असणारे थोडेच. मंडळाच्या बालवाचनालयाचे काम माझ्याकडे आल्यावर मी त्यांच्याविषयी वाचू लागलो आणि हे चरित्र प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवे, असे मनापासून वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ गावी झाला. शिक्षण भावनगरला. १९०७ साली पोटापाण्यासाठी ते पूर्व आफ्रिकेत गेले. परत येऊन मुंबईत कायदा शिकले आणि वढवाणला वकिली करू लागले. वकिली चांगली चालू असताना १९१३ साली मुलगा झाला आणि त्याला कसे शिकवावे हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. मारकुट्या मास्तरांची शाळा त्यांना मुलासाठी नको होती. याच शोधात वसो गावी त्यांना मोतीभाई अमीन भेटले. मोतीभाई म्हणजे सयाजीराव महाराजांच्या बडोदे राज्यात गावोगावी वाचनालये उभी करणारे कार्यकर्ते. त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीवरचे पुस्तक गिजुभाईंच्या हाती दिले आणि एका वकिलाच्या आयुष्याने वळण घेतले. योग्य वेळी हाती आलेले पुस्तक काय करू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

१९१६ साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत नानाभाई भट्टांकडे आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. छडी नाही, भीती नाही. गाणी, बागकाम, नाटके आणि भरपूर गोष्टी. भरघोस मिशांच्या या गृहस्थांना लोक प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले.

बालमंदिर सुरू झाले खरे, पण मुलांना द्यायला गुजरातीत पुस्तके कुठे होती? गिजुभाईंनी लोककथा गोळा केल्या आणि मुलांच्या तोंडच्या भाषेत लिहिल्या. लहानमोठी मिळून त्यांची शंभराहून अधिक पुस्तके आहेत. सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट त्यातलीच. शाळेतली मुले चिडवतात म्हणून हा उंदीर एकेक शेपटी कापून घेतो, शेवटी एकही उरत नाही, तरी चिडवणे थांबत नाही. वेगळेपणाबद्दल याहून सोप्या शब्दांत मुलांना काय सांगणार? आणि गंमत म्हणजे गोष्टीच्या शेवटी तात्पर्य चिकटवायला गिजुभाई तयार नसत. त्यांना गुजराती साहित्यातला मानाचा रणजितराम सुवर्णचंद्रकही मिळाला.

१९३१ सालचे 'दिवास्वप्न' हे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गात गोष्टींनी सुरुवात करतो आणि पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून निरनिराळी पुस्तके आणवून वर्गाचे वाचनालय उभे करतो. चाळीस मुलांकडे एकच पुस्तक असण्यापेक्षा चाळीस वेगळी पुस्तके असली, तर प्रत्येकाला चाळीस वाचायला मिळतात. हिशेब साधा आहे, पण सुचायला गिजुभाई लागले.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या त्या मुंबईच्या ताराबाई मोडक. १९२३ साली त्या भावनगरला आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' मराठीत आणली आणि बोर्डी, कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने बालशिक्षण आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेले. गिजुभाई मात्र २३ जून १९३९ रोजी, अवघ्या ५३ व्या वर्षी गेले.

आज आपली मुले घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलतात. मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, अशी मुले मी वाचनालयात दर आठवड्याला पाहतो. आणखी एक पिढी अशीच गेली, तर आजीचे पत्रही त्यांना कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागेल. म्हणून गिजुभाईंच्या वाटेने जाऊन काही नावे सुचवतो. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' आणि चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची चित्रमय पुस्तके. त्यांतली काही दोन भाषांत शेजारी शेजारी छापलेली असल्याने मराठी आई आणि गुजराती शेजारीण दोघींनाही उपयोगी. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके स्वस्त आणि अनेक प्रांतांची. आठ ते बारा वयासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या मराठीत आलेल्या कथा आणि जपानमधली 'तोत्तोचान'. आपल्या सहकारी बंधूंनीही आपापल्या भाषेतली नावे जरूर सुचवावीत.

पुस्तक मुलाला निवडू द्या, रात्री दहा मिनिटे शेजारी बसून मोठ्याने वाचा आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका. घरात वाचून झालेली पुस्तके वाचनालयात आणून द्या आणि दुसरी घेऊन जा. चाळीस घरांतून एकेक पुस्तक आले, तरी गिजुभाईंचा हिशेब इथेही जमून जाईल.